‘मी ओव्हरथिंकर आहे’ म्हटल्याने नक्की काय कळतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय का हे तुम्हालाच तपासता येईल. मैत्रिणीला तुम्ही जरा मनातलं काही लिहून पाठवलं. तिने वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर मात्र आलं नाही. पुढचे दोन दिवस तुम्ही जुनी संभाषणं उकरत बसलात, आपण कुठे चुकलो ते शोधलंत, तिचं ‘लास्ट सीन’ कितीदा पाहिलं याची गणती नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. घरात आजारपण होतं, मेसेज वाचून तसाच राहून गेला होता. विषय मिटला. आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या बाबतीत पुन्हा तेच. मधल्या काळात तुम्ही मानसशास्त्रावरची तीन पुस्तकं वाचलीत. ओव्हरथिंकिंग, अँक्शस अटॅचमेंट (जवळचं माणूस दुरावेल या भीतीने सतत खात्री हवीशी वाटणं) ही नावं आपल्याला चपखल बसतात हे पटलं, पण वागणं तसूभरही बदललं नाही. म्हणून तुम्ही विचारताय की रोजच्या वागण्याबद्दल मानसशास्त्र खरंच काही समजावतं, की नुसती नावं ठेवतं?

(‘नावं ठेवतं’ हा तुमचा शब्दप्रयोग मला फार आवडला. दोन्ही अर्थांनी खरा आहे.)

बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करतेय. तुमची तक्रार रास्त आहे, पण ती मानसशास्त्राबद्दल कमी आणि ते आपल्यापर्यंत ज्या रूपात पोचतं त्याबद्दल जास्त आहे. ‘मी इतका विचार का करते?’ ‘कारण मी ओव्हरथिंकर आहे.’ ‘ओव्हरथिंकर कशावरून?’ ‘इतका विचार करते त्यावरून!’ हे वर्तुळ आहे. यात कुणालाच काही नवीन कळलेलं नाही. नाव मिळाल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळतं. तेवढा दिलासा खरा, पण तो स्पष्टीकरण नाही. स्पष्टीकरण म्हणजे आधी काय घडतं, मग काय, त्यानंतर काय आणि ती साखळी तुटत का नाही, हे सांगता येणं.

पुस्तकातलं वर्णन ‘अगदी माझंच’ वाटण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं वर्णन लिहून दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही वरून शांत दिसता पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ छापाची वाक्यं कुणाला लागू पडत नाहीत? अँक्शस अटॅचमेंट ही कल्पना भविष्यासारखी भोंगळ नाही, तिच्यामागे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या संशोधकांचं लहान मुलांच्या निरीक्षणाचं कष्टाचं काम आहे. पण ती पुस्तकाच्या मागच्या दहा प्रश्नांच्या चाचणीतून तुमच्या हातात येते तेव्हा रक्तगटासारखी वाटायला लागते. तशी ती नाही. ती कमीजास्त असते, नात्यानुसार वेगळी दिसते, वयानुसार बदलते.

आता मुद्द्याकडे येते. तुम्ही स्वतःला सतत विचारता, ‘मी असं का करते?’ माझा सल्ला असा की हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा.

हे मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पाठवून झालेला प्रत्येक ईमेल ते चार-पाचदा उघडून वाचायचे, काही चुकीचं तर लिहिलं नाही ना म्हणून. मी विचारलं, का? त्यांनी कडक शिस्तीच्या वडिलांची गोष्ट सांगितली. गोष्ट सुसंगत होती, हृदयस्पर्शी होती, आणि आम्ही दोघंही तिच्यात रमलो. चार महिने. ईमेल तपासणं जसंच्या तसं. माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी एके दिवशी मला विचारलं, ‘ते कोणत्या दिवशी तपासत नाहीत?’ मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत मी हे विचारलंच नव्हतं! पुढच्या भेटीत विचारलं तर ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, ‘साहेब रजेवर असले की नाही तपासत.’ साहेबांना एका शब्दात उत्तर द्यायची सवय होती. ‘बोलू.’ बस्स. त्या ‘बोलू’चा अर्थ लावण्यात यांची संध्याकाळ जायची. वडिलांची गोष्ट खोटी नव्हती, पण कुठे हात घालायचा हे तिने सांगितलं नसतं. ‘केव्हा’ या प्रश्नाने एका मिनिटात सांगितलं.

‘का’ हा प्रश्न आपल्याला का फसवतो याचंही उत्तर मानसशास्त्राकडे आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ साली एक लेख लिहिला. त्यातला एक प्रयोग असा: टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडलेले. लोकांनी त्यातला सर्वांत चांगला निवडायचा. चारही जोड हुबेहूब सारखे होते, पण लोकांचा कल ठळकपणे उजवीकडच्या जोडाकडे होता. कारण विचारलं तर कुणी विणीबद्दल बोललं, कुणी पोताबद्दल. जागेचा उल्लेख एकानेही केला नाही, आणि ‘उजवीकडे होता म्हणून तर नव्हे?’ असं थेट विचारल्यावर बहुतेकांनी विचारणाऱ्याकडेच विचित्र नजरेने पाहिलं. हे लोक खोटं बोलत नव्हते. आपल्या वागण्याचं कारण आपल्याला आतून दिसत नाही. पटण्याजोगं कारण आपण तिथल्या तिथे रचतो, आणि ते रचलेलं आहे हेही आपल्याला कळत नाही. म्हणून मी आता ‘का’पेक्षा केव्हा, कुठे, त्याच्या लगेच आधी काय झालं आणि लगेच नंतर काय झालं हे विचारते. याची उत्तरं माणूस बरीच खरी देऊ शकतो.

तुमचा प्रसंग असा उलगडून पाहू.

निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. म्हणजे माहितीत एक भोक आहे. मनाला भोक सहन होत नाही, ते काहीतरी भरतं. पण वाईटच का भरतं? धूर ओळखणारा अलार्म आठवा. तो कधी कधी उगाच वाजतो, ते आपण चालवून घेतो, कारण खरी आग असताना तो गप्प बसला तर सगळंच संपलं. आपली धोका ओळखण्याची यंत्रणाही अशाच हिशोबाची आहे. माणूस कळपाने जगत आला, त्यामुळे ‘आपल्याला दूर तर करत नाहीत ना’ हा तिच्या लेखी मोठा धोका आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपल्याकडे म्हणतात ते मनाला दूषण म्हणून. मला त्यात मनाचा प्रामाणिक पण अतिउत्साही पहारेकरी दिसतो.

इथवर जे झालं त्यावर तुमचा ताबा नाही. ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना अशा विचारांकडे लक्ष वेधलं. त्याने त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं. ते झटकन येतात, छोटे असतात आणि येताना मत म्हणून येत नाहीत, वस्तुस्थिती म्हणून येतात. ‘ती कदाचित चिडली असेल’ असं मन म्हणत नाही, ‘ती चिडलीय’ असंच म्हणतं.

खरी गोम पुढच्या पायरीत आहे. विचार आला, छातीत कळ आली, तुम्ही फोन उचलून ‘लास्ट सीन’ पाहिलं. किंवा जुनी संभाषणं वाचून ‘नाही, मी काही वावगं बोलले नव्हते’ अशी खात्री करून घेतली. किंवा दुसऱ्या मैत्रिणीला विचारलं, ‘ती माझ्यावर रागावलीय का गं?’ या प्रत्येक कृतीनंतर क्षणभर हायसं वाटतं. तो क्षण फार महाग पडतो. एखाद्या कृतीने त्रास थांबला की ती कृती पुढच्या वेळी जास्त जोमाने होते, याला मानसशास्त्रात नकारात्मक प्रबलन म्हणतात. (नकारात्मक म्हणजे वाईट असा अर्थ नाही, काहीतरी वजा होतं म्हणून नकारात्मक. या शब्दाने आमच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या परीक्षेत गोंधळ घातलाय.) त्यात भर म्हणजे फोन पाहिल्यावर कधी उत्तर आलेलं असतं, कधी नसतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की बक्षीस दर वेळी न मिळता अनियमितपणे मिळालं, तर ते मिळवून देणारी कृती मोडायला सर्वांत अवघड जाते. तुमच्या हातातला फोन नेमका तसाच वागतो.

आता तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. तुम्ही लिहिलंय, ‘दर वेळी भीती खोटी ठरते, तरी मी शिकत का नाही?’

तुम्ही शिकताय, पण भलतंच. दोन दिवस तुम्ही पहारा दिलात, शोध घेतलात, खात्री करून घेतलीत, आणि शेवटी सगळं ठीक निघालं. मनाने जमाखर्चात काय लिहिलं? ‘भीती खोटी होती’ असं नाही. ‘पहारा दिला म्हणून निभावलं’ असं. सुटकेचं श्रेय पहाऱ्याला गेलं. शिवाय ‘तिने मला तोडलंय’ हे तुमचं भाकीत तुम्ही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे ते चुकल्याची नोंदही कुठे झाली नाही. फोन आला, हायसं वाटलं, भाकीत विरून गेलं. अशी विरलेली पन्नास भाकितं माणसाला काही शिकवत नाहीत. लिहून ठेवलेली पाच शिकवतात, हा माझा अनुभव आहे.

आणि ‘विचार करू नकोस गं’ हा सगळ्यांचा सल्ला? तो का चालत नाही हे डॅनिएल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि तो आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. मजा पुढे आहे. नंतर त्यांना ‘आता खुशाल विचार करा’ म्हटलं तेव्हा, ज्यांना आधीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. विचार येत नाहीये ना हे तपासायला मनाचा एक कोपरा तोच विचार धरून बसतो, असं वेग्नर यांचं म्हणणं. म्हणजे विचार येणं थांबवता येत नाही, त्याच्यामागून जी कृती होते ती थांबवता किंवा पुढे ढकलता येते. तुमच्या हातात असलेली फट तेवढीच आहे, पण ती पुरते.

आणखी एक गोष्ट झटपट सांगून टाकते. आपण लोकांच्या मनात किती जागा व्यापतो याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. साधारण निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल असं त्यांना वाटलं, प्रत्यक्षात चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांनी पाहिलं होतं. आपण किती आवडतो याचा अंदाज मात्र उलट कमी निघतो: २०१८च्या एका अभ्यासात अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावल्या तर बहुतेकांना वाटलं की समोरच्याला आपण फारसे आवडलो नाही, आणि समोरच्याला ते त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आवडले होते. पण हे वाचून तुमची रात्रीची अस्वस्थता जाईल अशी माझी अपेक्षा नाही. माहितीने अलार्म बंद होत नाही.

कशाकशावर हे अवलंबून आहे तेही सांगायला हवं, कारण मी तुम्हाला पाहिलेलं नाही, ओळखत नाही.

पहिलं म्हणजे भीती दर वेळी खोटीच असते असं मी म्हणत नाही. एखादं माणूस खरंच दूर जात असतं. ती मैत्रीण सहा महिने सातत्याने टाळत असेल, भेटीचं ठरवून दर वेळी मोडत असेल, तर तिथे तुमचं मन राईचा पर्वत करत नाहीये, डोंगरच दिसतोय. तेव्हा मी शेवटी सुचवणार आहे ती नोंदींची वही उपयोगाची नाही, सरळ बोलणं उपयोगाचं. दुसरं, तुमच्या पूर्वायुष्यात कुणी अचानक, काही न सांगता सोडून गेलं असेल, तर तुमचा अलार्म त्या अनुभवावर बेतलेला आहे. तो तेव्हा बरोबर होता, आणि अशा वेळी ‘केव्हा’ विचारून झाल्यावर जुन्या गोष्टीकडेही जावंच लागतं, शक्यतो कुणाच्या सोबतीने. तिसरं अगदी साधं आहे, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. अपुरी झोप, थायरॉइडची गडबड, आजारपण, अति कॉफी यांनी शरीर आधीच ताणलेलं असतं, आणि मन त्या ताणाला हाताशी असलेलं कारण चिकटवतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत झोपेबद्दल इतकं विचारते की काहींना आपण चुकीच्या दारात आलो की काय असं वाटतं.

चौथं. हे सगळं बहुतेक दिवस, बराच वेळ खात असेल, जेवण-झोप-काम बिघडलं असेल, एकच गोष्ट तपासल्याशिवाय राहवत नसेल, किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच. ते डॉक्टर असतात, गरज वाटली तर औषध देतात. माझ्यासारखे समुपदेशक औषध देत नाहीत. ही दोन वेगळी माणसं आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

तुम्ही शेवटी एक खोचक ओळ टाकली होती, ‘या प्रयोगांवर विश्वास तरी किती ठेवायचा?’ बरोबर विचारलंत. २०१५ साली संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत मिळाला. आमच्या क्षेत्राला ही चपराक होती. इच्छाशक्ती इंधनासारखी वापरून संपते, हे मी स्वतः कितीतरी वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगायचे. २०१६ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासलं तर तसा परिणाम जवळपास दिसलाच नाही. मी सांगायचं बंद केलं. तेव्हापासून माझा नियम असा आहे की एखादा प्रयोग कितीही गमतीदार असो, तो दिशा दाखवायला वापरायचा. तुमच्या बाबतीत काय खरं, हे तुमच्याच नोंदींवरून ठरवायचं. सुटकेमुळे सवय पक्की होते, हे मात्र मी इतक्या माणसांत पाहिलंय, आणि चिंतेवरच्या उपचारांचा इतका भाग त्यावर उभा आहे, की तिथे मी डळमळत नाही.

तर काय करायचं? दोनच गोष्टी, तीन आठवडे.

एक साधी वही घ्या. फोनवर नको, कारण फोन उघडला की पुढचं बोट कुठे जाईल हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. अस्वस्थता आली की चार रकाने भरायचे: कधी आणि त्याआधी काय झालं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, त्यावर किती टक्के विश्वास बसतोय, आणि मी लगेच काय केलं. पाचवा रकाना रिकामा सोडायचा, प्रत्यक्षात काय निघालं ते नंतर भरायला. वाक्य जसंच्या तसं हे महत्त्वाचं. ‘मला इनसिक्युअर वाटलं’ असं लिहू नका, ते पुन्हा नावच झालं. ‘तिला माझा कंटाळा आलाय, ९० टक्के’ असं लिहा.

दुसरी गोष्ट तपासण्याची. एकदम बंद करायचं नाही, तसा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. फक्त लांबवायचं. पहिला आठवडा दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास. त्या दहा मिनिटांत अस्वस्थता आधी वाढेल. वाढू द्या. बहुतेकांना आयुष्यात पहिल्यांदा कळतं की तपासलं नाही तरी ती काही वेळाने आपली आपण उतरते. हे त्यांनी आधी कधी पाहिलेलंच नसतं, कारण दर वेळी ती उतरायच्या आत ते फोन उचलत आलेले असतात.

पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटला तर घाबरू नका, नोंद ठेवायला लागलं की आधी न दिसणारंही दिसतं. आठ-दहा नोंदी झाल्या की पहिला रकाना सलग वरून खाली वाचा. माझा अंदाज आहे की तुम्हाला ‘सगळ्यांबद्दल असंच होतं’ असं जे वाटतंय ते तिथे दिसणार नाही. दोन-तीन माणसं, एखादी ठरावीक वेळ, एखाद्या प्रकारचा मेसेज, असं काहीतरी निघेल. ते काय निघालं ते इथेच खाली लिहा, पुढचं त्यावरून बोलू. (हा ‘बोलू’ साधाच आहे, अर्थ काढत बसू नका.)